डोकं कुणीकडं

फोन आला तेव्हा भिकू मारणे गुडघाभर चिखलात उभा राहून पॉवर टिलरला शिव्या घालत होता. भाताच्या आवणीची शेवटची दोन खाचरं राहिली होती आणि ते यंत्र नेमकं मधोमध रुतलं होतं. बांधावर त्याच्या बायकोने, साळूबाईने, प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला, पदराने कान पुसला आणि हॅलो म्हणाली. ऐकून झाल्यावर फोन नवऱ्यापुढे धरत म्हणाली, "यासीन हाय. चांदवैनी गेली."

भिकूने चिखलाच्या हातांनीच फोन कानाला लावला.

"काका, पहाटे गेली," यासीन म्हणाला. तो पुण्याला कोंढव्यात रिक्षा चालवायचा आणि म्हाताऱ्या आईला दोन वर्षांपूर्वी औषधपाण्यासाठी घेऊन गेला होता. "एकच म्हणत होती, मला तुझ्या अब्बाच्या शेजारी ठेव. दुपारी हितली नमाज झाली की निघतो. चारपर्यंत पोचू. तेवढं खड्ड्याचं बघाल का? तिकडं येऊन खणायला लागलो तर अंधार पडंल."

"तू ये. खड्डा तयार आसंल," भिकू म्हणाला.

म्हणून बसला आणि मग विचारात पडला. भिकूने आयुष्यात विहीर खणली होती, बांध घातले होते, गोठ्याच्या मेढी रोवल्या होत्या. कबर मात्र कधी खणली नव्हती. वाडीत मुलाण्याचं घर एकच. यासीनचे वडील, बाबूभाई मुलाणी, वीस वर्षांपूर्वी वारले तेव्हा पौडहून त्यांची माणसं आली होती. भिकू तेव्हा म्हैस आणायला चाकणच्या बाजारात गेला होता. परत आला तेव्हा माळावर ओल्या मातीचा ढीग तेवढा दिसला.

इथे भिकूचा स्वभाव सांगायला हवा. त्याला प्रश्न विचारायची खोड होती. डॉक्टरने सुई टोचली की हा विचारायचा, आत काय घातलं? एसटीच्या कंडक्टरला विचारायचा, हा घंटीचा दोर ड्रायव्हरपर्यंत कुठून जातो? मग चांदबी तर शेजारची. रोजात थुंकी गिळलेली चालते का, चंद्र ढगात असला तर ईद कोण ठरवतं, एवढ्या मोठ्या बोकडाला कापताना बाबूभाई कानात काय सांगतो, हे सगळं त्याचं चाळीस वर्षांत विचारून झालं होतं. चांदबी आवणीत सगळ्या बायांच्या पुढे असायची. कंबर सरळ न करता, रोप रोवत रोवत उत्तरं द्यायची. कंटाळली की म्हणायची, "दादा, तुमी वर गेला ना, तर यमालाबी इचाराल, रेड्याला चारा कुटनं आणतो?"

फक्त एक गोष्ट त्याने तिला कधी विचारली नव्हती. जित्या माणसाला असलं काय विचारायचं, म्हणून राहून गेली होती.

खाचर तसंच टाकून भिकू निघाला. शुभांगीला, त्याच्या सुनेला, त्याने रोपं उपटायला कमळबरोबर ठेवलं. कमळचा नवरा बुधा वरच्या कातकरवाडीतून रोजावर आला होता. त्याला टिकाव आणि पहार घ्यायला सांगितली. स्वतः फावडं, दोन घमेली आणि पाणी उपसायला पत्र्याचा डबा घेतला. साळूबाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन मागोमाग चालू लागली.

"तू कशाला?" भिकू म्हणाला.

"खड्डा केवढा खणणार? माप कुणाचं घेणार? ती माझ्याएवढीच व्हती. तिचं झंपर मला व्हायचं अन् माझं तिला."

भिकूने एक घमेलं तिच्या हातात दिलं.

माळ म्हणजे भिकूच्या जमिनीचं सगळ्यात वरचं टोक. भात तिथे होत नाही, नाचणी होते तीही रडतखडत. वरून मात्र धरणाचं पाणी दिसतं, आणि त्या पाण्यापायी अलीकडे माळाला भाव आला होता. एका कडेला करवंदीच्या जाळीपाशी मुलाण्याच्या तीन कबरी होत्या. पहिली एका तान्ह्या पोराची. त्या साली नदीला पूर होता आणि पोराला घेऊन पौडच्या कब्रस्तानात जाता येईना. भिकूचा बाप बाबूभाईच्या बापाला म्हणाला होता, कशाला पाण्याच्या तोंडी जाता, आमच्या माळावर ठेवा, हितनं पुढं तुमचं माणूस हितंच. कागदबिगद काही झाला नाही. नंतर त्या पोराचा आजा तिथेच आला आणि मग बाबूभाई.

आता तिथे कमरेइतकं गवत होतं. मुळशीच्या पावसाने ढिगारे केव्हाच सपाट केले होते. गवत बाजूला सारून भिकूने बाबूभाईची जागा शोधली. एक धोंडा सापडला, आडवा पडलेला. तो मुळात डोक्याशी होता की पायाशी, की गुरांनी ढकलून आणला होता, काही कळायला मार्ग नव्हता.

"मालक, कसा मारू? उभा का आडवा?" बुधाने विचारलं.

तिघेही पावसात उभे राहिले.

"यासीनला इचार की," साळूबाई म्हणाली.

"आईला न्हाऊ घालत आसतील आता. त्यात मी इचारू, डोकं कुणीकडं?" भिकूने ताम्हिणीच्या डोंगराकडे पाहिलं. सूर्याचा पत्ता नव्हता, पण पश्चिम तीच. "हे बघ. नमाज पश्चिमेला तोंड करून पढत्यात. म्हंजे उठून बसली तर तोंड पश्चिमेला याया पायजे. मंग पाय पश्चिमेला अन् डोकं पूर्वेला."

"मेलेलं माणूस कशाला उठून बसतंय?" बुधा म्हणाला.

"कयामतीला उठत्यात. वैनीनं सांगितलंय मला."

साळूबाईला पटलं नाही. "आपण मढ्याचे पाय दक्षिणेला करतो. त्यांचंबी तसंच आसंल."

"आपल्यावानी कसं आसंल?" भिकू जरा चिडलाच. "त्यांचं त्यांचं काय रीत आसती का न्हाई? उगं आपलं त्यांच्या गळ्यात मारायचं व्हय?"

साळूबाई ओल्या गवतावर ताठ उभी राहिली आणि बुधाने तिच्या उंचीची काठी तोडून घेतली. त्यात वीतभर जास्त धरली. काठी भिकूने स्वतः पूर्व-पश्चिम टाकली, एक डोळा मिटून डोंगराशी जुळवली आणि पहिला टिकाव हाणला.

वरचा हातभर चिकट माती होती. ती फावड्याला धरून बसायची, दर खेपेला बोटांनी खरवडावी लागायची. खाली मुरूम लागला. बुधा पहारेने फोडायचा, भिकू भरायचा, साळूबाई घमेलं ओतून यायची. खड्ड्यात पाणी झिरपत होतं ते डब्याने उपसायचं. भिकूचं वय अडुसष्ट. दर दहा घमेल्यांनी तो फावड्यावर रेलून उभा राहायचा आणि दम लागलेला दिसू नये म्हणून काहीतरी विचारायचा.

"बुधा, तुमच्यात काय करत्यात?"

"आमच्यात बी पुरत्यात."

"डोकं कुणीकडं?"

"म्हातारे सांगतील तिकडं," बुधा म्हणाला.

अकराच्या सुमारास निरंजन आला. भिकूचा हा थोरला. पिरंगुटच्या एका कारखान्यात बारा वर्षं कंत्राटावर राबत होता आणि स्वतःचा टेम्पो घ्यायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठी माळ विकायला काढायचा त्याने हट्ट धरला होता. मोटारसायकलवर मागे वाल्मीक बसला होता. हा फार्महाऊसच्या जागा दाखवत फिरायचा. दोघे खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबले.

"अरे मामा, हे काय काढलं?" वाल्मीकने बुधाला आणि भिकूला एकाच दमात विचारलं. भिकूच्या अंगावर चड्डी आणि फाटका बनियन होता. त्याला हा मालक असेल असं वाटलंच नाही.

"माझे वडील आहेत ते," निरंजन पुटपुटला. मग बापाला म्हणाला, "आबा, शुभांगीनं सांगितलं मला. चांदचाचीचं वाईट झालं. पण रविवारी पार्टी येणारे जागा बघायला. जुन्या कबरी गवतात हायेत, कुणाला दिसत न्हाईत. ही ताजी दिसंल."

"दिसू दे."

"आबा, मी वाईट बोलत न्हाई. पौडला त्यांची जागा हाय, भिंत हाय, पाण्याचा नळ हाय. आज्यानं शब्द दिला तवा रस्ता नव्हता. आज घरापासनं डांबर हाय."

खरं तर हे बोलणं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच भिकूला राग आला.

"तिला नवऱ्याजवळ जायचंय. नळाजवळ न्हाई."

"मी यासीनला फोन करतो. त्यो समजूतदार हाय."

"कर. आईचं मढं पुढ्यात आसताना सांग त्याला, की आमची पार्टी येणारे."

निरंजनने फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिशात टाकला. वाल्मीक म्हणाला, "मग मी पार्टीला काय सांगू?" निरंजन त्याला खाली सोडून आला आणि परत येऊन माळाच्या कडेला, आंब्याखाली, बापाकडे पाठ करून उभा राहिला. मदत करीना आणि जाईनाही.

चारला दहा कमी असताना गाडी आली. चिखलामुळे ती खालीच थांबली आणि दहा-बारा माणसं खांद्यावर जनाजा घेऊन बांधावरून चढू लागली. पांढरे पायजमे घोट्यापर्यंत लाल झाले होते. पुढे यासीन होता. त्याच्याबरोबर एक तरुण मौलाना, दाढी अजून धड भरलेली नव्हती. साळूबाई रीतीप्रमाणे मागे सरली आणि खालच्या बांधावर जाऊन उभी राहिली. तिथूनच तिने पदर तोंडाला लावला.

भिकू खड्ड्यातून वर आला. खड्डा त्याला मनापासून आवडला होता. कडा सरळ, तळ सारखा, पाण्याचा थेंब नाही. यासीनने यावं आणि बघावं, असं त्याला वाटत होतं.

यासीनने बघितलं. मौलानानेही बघितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग बाकीच्यांमध्ये कुजबूज सुरू झाली.

"काय झालं?" भिकूने विचारलं.

मौलाना समजावत म्हणाला, "काका, कबर उत्तर-दक्षिण लागते. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. उजव्या कुशीवर ठेवायचं आणि चेहरा पश्चिमेला, काब्याकडं."

भिकूचे कान गरम झाले. खालच्या बांधावरून साळूबाईचा आवाज आला, "मी म्हनलं व्हतं!"

"पण नमाजाला तर..." भिकूने डोंगराकडे हात केला. "मी म्हनलं, उठली तर तोंड तिकडं याया पायजे. म्हून पाय पश्चिमेला."

मौलानाच्या चेहऱ्यावर एकदम कुतूहल आलं. "काका, अगदीच चूक नाही तुमचं. आजारी माणसाला बसता येत नसलं, उताणा पडून नमाज पढायची असली, तर त्याचे पाय असेच पश्चिमेला करतात. उशी देऊन डोकं उचलतात. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. इचार केला."

"म्हणजे आजाऱ्याचं बरोबर आहे."

"अन् मेलेल्याचं चुकलं," भिकू म्हणाला. त्याला रडावं की हसावं कळेना. दिवसभराची कंबर आता एकदम ठणकायला लागली.

आलेल्यांतला एक जाडसर माणूस घड्याळ बघत होता. "किसने खोदा ये? गँवार लोगों को बोलोगे तो यही होगा," तो म्हणाला. "पौड ले चलो यासीन. वहाँ सब तैयार मिलेगा. यहाँ सूरज डूब जाएगा, मगरिब हो जाएगी."

मौलानाने त्याला दटावलं, "सुबह से बारिश में खोद रहे हैं. जुबान संभालो." पण पौडचं नाव निघालं होतं आणि दोघाचौघांनी माना हलवल्या. यासीनने आईच्या जनाज्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग आंब्याखाली उभ्या असलेल्या निरंजनकडे. निरंजनला हवं होतं ते न मागता समोर आलं होतं. त्याने फक्त गप्प राहायचं होतं.

भिकू पुन्हा खड्ड्यात उतरला. उतरताना पाय घसरला, ढोपर दगडावर आपटलं. त्याने पहार उचलली आणि उत्तरेच्या बाजूला भिंतीत मारली. हातात जोर नव्हता. पहार मुरमावर नुसती वाजली. त्याने परत मारली. वर पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी राहून बघत होती, आणि एकाने मोबाईल वर धरला होता.

"ए, ते बंद कर," निरंजन ओरडला. तो आंब्याखालून तरातरा आला. त्या जाडसर माणसापुढे उभा राहिला. "किसने खोदा म्हणता काय? माझ्या बापानं खोदलाय. सकाळी सातपासनं. आवणी टाकून. तुमच्यातलं कोण आलं व्हतं सांगायला?"

माणूस मागे सरकला. निरंजनने शर्ट काढून करवंदीवर फेकला, खड्ड्यात उडी टाकली आणि बापाच्या हातातून पहार ओढून घेतली.

"व्हा वर, आबा."

"आरं, तुजी पार्टी..."

"वर व्हा म्हनतो ना!"

त्यात प्रेमापेक्षा राग जास्त होता. पण हात त्याचे तिशीतले होते आणि मुरूम फुटू लागला.

बुधाने काठावर बसून हिशेब मांडला. सगळं नव्याने खणायची गरज नव्हती. मधला भाग झालाच होता. उत्तरेला दीड हात, दक्षिणेला दीड हात वाढवलं की उभी कबर मिळणार होती. पूर्व-पश्चिमेचे उरलेले तुकडे दगडांनी बांधून काढायचे, खाचराचा फुटलेला बांध घालतात तसे. मौलाना म्हणाला, चालेल. मग त्यानेच बाह्या वर सारल्या. यासीन उतरायला लागला तर त्याला कुणी उतरू दिलं नाही, तू आईजवळ बस म्हणाले. बाकीचे घमेली पास करू लागले. घड्याळवाला माणूस दगड आणायला गेला आणि त्याचे बूट चिखलात रुतले, तर तो अनवाणीच आला. भिकू काठावर बसून दगड पारखत होता, "ह्यो नको, गोल हाय, बसायचा न्हाई" म्हणत होता. मध्येच मौलानाला विचारत होता, उजवीच कूस का, आणि मौलाना घमेलं देता देता सांगत होता.

सहा वाजायच्या आत चांदबी खाली उतरली. फळ्या बसल्या. प्रत्येकाने तीन तीन मुठी माती टाकली. भिकूने आपली मूठ भरली आणि मौलानाकडे बघितलं.

"टाका काका. विचारता काय?"

"एकदा न इचारता केलं, ते दिसलं ना तुमाला," भिकू म्हणाला. यासीन आईच्या मातीपाशी बसून रडत होता, तो त्याही स्थितीत हसला. मग भिकूचा हात धरून जास्तच रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. भिकूला अंथरुणातून उठवेना, साळूबाईने कंबर शेकून दिली तेव्हा कुठे तो उभा राहिला. तरी चहा पिऊन माळावर गेलाच. निरंजन त्याच्या आधी तिथे होता. फोनवर बोलत होता.

"न्हाई रे वाल्मीक. वरचा माळ सोडून बोलायचं आसंल तर बोल. रस्त्याकडंचा तुकडा बघ... व्हय, मला म्हाईत हाय त्याला पाणी दिसत न्हाई."

त्याने फोन ठेवला. तोंड कडू झालं होतं. टेम्पो लांब गेला होता आणि ते त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं. भिकूला त्याचं वाईट वाटलं. तो बाबूभाईचा आडवा पडलेला धोंडा हलवू लागला.

"ह्यो कशाला काढताय?" निरंजनने विचारलं.

"हितं एक रोवायचा अन् बाबूभाईपाशी एक. पुढच्या येळंला कुणाला कोडं पडाया नको."

"पुढच्या येळंला?"

भिकू धोंड्याचा चिखल खरवडू लागला. यासीन पन्नाशीला टेकला होता, त्याचा एक मुलगा होता. निरंजनला हे सगळं ठाऊक होतं. तो ताज्या ढिगाऱ्याकडे बघत राहिला. ढिगाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, पूर्वेला आणि पश्चिमेला, कालच्या चुकीच्या खड्ड्याचे तुकडे दगडांनी भरलेले दिसत होते.

मग तो खाली वाकला. बापाच्या हातातून धोंडा काढून घेतला आणि पोटाशी धरून उचलला.

"कुटं रोवू? डोक्याशी का पायाशी?"

भिकूने तोंड उघडलं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. त्याने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा ढिगाऱ्याकडे, आणि तोंड मिटलं.

"धोंडा खाली ठेव," तो म्हणाला. "यासीनला फोन लाव. इचार."